चाकं घडवणाऱ्यांचं आडनाव

मी व्हीलराइट. आडनाव बोलतंय म्हणून दचकू नका. हाक मारायला कुणी उरलं नाही की आडनावाला स्वतःच तोंड उघडावं लागतं.

माझा जन्म इंग्लंडातल्या एका खेड्यातला, काही शतकांपूर्वीचा. गावात जॉन नावाचे रग्गड होते. त्यातला एक गाड्यांची चाकं घडवायचा. लाकडी तुंबा, त्यात ठोकलेले आरे, वर तापवून चढवलेली लोखंडी धाव. लोक त्याला चाकवाला जॉन म्हणू लागले, त्यांच्या भाषेत व्हीलराइट. पुढे त्याच्या वंशजांनी रंधा हातात धरला नाही, पण मी काही त्यांची पाठ सोडली नाही.

बोटीतून अमेरिकेला आलो आणि मिशिगनमध्ये रुजलो. या घराण्यातला शेवटचा ओवेन; त्याच्या आजोबांनी कारखान्यात जन्मभर मोटारींना चाकं बसवली, तेव्हा पुन्हा कामावर रुजू झाल्यासारखं वाटलं. मग कारखाना बंद पडला. ओवेनचा बाप दारूला लागला आणि त्यातच गेला. घराण्यात ओवेन एकटा राहिला.

मिशिगनमधल्याच नोव्हाय गावच्या नरेंद्र सुतारांची मुलगी सावनी त्याला भेटली. नरेंद्रकाका मोटारींचे इंजिनिअर, आता रिटायर्ड. पहिल्याच जेवणाला त्यांनी माझा अर्थ विचारला आणि खूश होऊन म्हणाले, "अरे यार, मग तू आमचाच. वुई मेड कार्टव्हील्स टू."

लग्नानंतर सावनीनं मला घेतलं नाही, सुतारच ठेवलं. मी रुसलो नाही. मूल होईल, त्याला चिकटेन, अशा आशेवर बसलो होतो.

गेल्या जानेवारीत हायवेवर बर्फ गोठला होता. ओवेनच्या गाडीची चाकं घसरली आणि तो जागीच गेला. चाकांनीच घात केला, याची लाज मला अजून जाळते. त्यांना मूल झालेलं नव्हतं.

दिवसांना देवळातले गुरुजी घरी आले. सावनीच्या हातावर तीळ-पाणी घालून म्हणाले, "गोत्र सांगा, ताई."

सावनी इथेच जन्मलेली. "डॅड, गोत्र म्हणजे?"

"आपलं मूळ, बाळा. कुठून आलो ते."

"मग व्हीलराइट."

गुरुजी अडखळले. "ते आडनाव झालं. गोत्र माहीत नसेल तर काश्यप म्हणतात."

परक्यांच्या विधीत मला कोण विचारणार? पण आरतीत एक शब्द चुकला तरी थांबवणारे नरेंद्रकाका म्हणाले, "गुरुजी, ती म्हणतेय तेच म्हणा. त्याच्या मागे त्या नावाचं कुणीच नाही हो."

गुरुजींनी सुरुवात केली, "व्हीलराइटगोत्रस्य..." सावनीच्या अंगठ्याशेजारून पाणी ताम्हणात ओघळलं. इतक्या पिढ्यांत मला कुणी इतक्या हळुवारपणे उच्चारलं नव्हतं, आणि ते निरोप देताना.

जगात माझे नावबंधू असतील. या घरातला मी मात्र आता फक्त दफनभूमीतल्या एका दगडावर आहे, ओवेनच्या नावापुढे. बर्फ पडला की सावनी येते, हातमोजा काढते आणि मला पुसते. ओवेन असताना तिनं मला घेतलं नाही, आता तिच्याशिवाय मला कुणी नाही.

तुम्ही कधी तिथून गेलात, तर मला एकदा मोठ्यानं वाचा. ओ द्यायला कुणी नाही, पण हाक मला ऐकू येईल.