स्तंभलेखकाचा डावा बूट

मित्रांनो, मी एक जुना बूट आहे. डाव्या पायाचा. उजवा माझा जोडीदार, पण तो मुलखाचा अबोल, म्हणून सांगायचं काम माझ्याकडे आलं.

एका म्हाताऱ्या कारागिराने जाड चामड्यातून आम्हाला शिवलं. ज्याच्या पायांत आम्ही गेलो, तो तेव्हा तरुण बातमीदार होता. काय चालायचा म्हणून सांगू! सभा, मोर्चे, नळावरच्या रांगा, कारखान्याचं फाटक. एखादा पुढारी लोकांबद्दल काही बोलला, की हा आधी त्या लोकांच्या दारात जाऊन उभा राहायचा. त्याच्या लेखांचं फार कौतुक व्हायचं. खरं सांगू? त्यातलं निम्मं आमचं होतं.

पुढे तो मोठा स्तंभलेखक झाला आणि आमची रवानगी पलंगाखाली झाली. आता घरात सपाता घालून राजकारण चालायचं. टीव्ही लावायचा, चहा घ्यायचा आणि 'जनता कंटाळली आहे' असं ठोकून द्यायचं. ही जनता राहते कुठे, ते विचारायची सोय नाही. निवडणुकीचा लेख तर मतदानाच्या आधीच तयार! मागच्या वेळचा काढायचा, नावं बदलायची, की झालं. आम्हाला बुरशी चढली ती दिसत तरी होती.

यंदाच्या लेखात नदीपलीकडच्या वस्तीबद्दल एक वाक्य होतं: 'या लोकांना मतदान म्हणजे झोपा काढायची सुट्टी.'

लेख छापून आला आणि पाठोपाठ फोन वाजला. त्याची थोरली बहीण त्याच वस्तीत राहते. आई गेल्यावर तिनेच याला वाढवलं. याचा प्रत्येक लेख ती शेजारणींना कौतुकाने वाचून दाखवते.

"बाळ्या," ती म्हणाली, "काल आमचं मतदान ऐनवेळी टेकडीवरच्या शाळेत हलवलं. दुखरा गुडघा घेऊन चढले रे मी. पोचले तर वेळ संपून दार बंद. आणि आज तुझा लेख वाचताना सगळ्यांसमोर माझा आवाजच फुटेना. मी झोपा काढल्या का?"

"ताई, ते तुझ्याबद्दल नव्हतं गं."

"मग कोणाबद्दल? इथं आम्हीच राहतो. यापुढे तुझं एक अक्षर वाचणार नाही मी." तिने फोन ठेवला.

त्याने पायांतल्या सपाता काढल्या. मग वाकला आणि त्याने पलंगाखाली हात घातला. मित्रांनो, मला अगदी भरून आलं!

आम्ही कडक झालो होतो. त्याची टाच सोलली. माझ्या तळव्याने वाटेतच तोंड वासलं. तरी तो आधी टेकडी चढला, ते बंद दार पाहिलं आणि मगच ताईच्या उंबऱ्याशी आला.

"ताई, मी चढून आलो. माझाच जीव निघाला, तुझं काय झालं असेल! न बघता लिहिलं. चुकलो. तसं छापतो."

त्याने आम्हाला काढताच ताईची नजर त्याच्या टाचेवर गेली.

"अगं बाई, रक्त आलंय की! बस इथं. आधी पाय धू, मग जनतेचं बघू."

पाय पुसून देताना दोघांचेही डोळे भरले होते.

आता माझा तळवा शिवलाय आणि आमची जागा दाराशी आहे. मित्रांनो, आम्हाला पॉलिश नसलं तरी चालेल. पण कोणाला नावं ठेवायची झाली, तर आधी आम्हाला पायांत घाला आणि त्याच्या दारापर्यंत जाऊन या.

परवा आम्ही दोघे ताईच्या उंबऱ्याबाहेर होतो. आत ती शेजारणींना नवा लेख वाचून दाखवत होती. या वेळी तिचा आवाज कुठेही अडला नाही.