शामरावांची सुई

गिरणीच्या दवाखान्याला कुलूप लागलं, तेव्हा तिथले कंपाउंडर शामराव काचेच्या दोन सिरिंजा आणि पितळी स्टोव्ह घेऊन लालबागच्या चाळीतल्या आपल्या खोलीत आले. संपाला दीड वर्ष होत आलं होतं. कामगारांची विम्याची कार्डं बाद झाली होती. प्रायव्हेट डॉक्टर परवडत नव्हता आणि पालिकेच्या हॉस्पिटलात सकाळी सातला रांगेत उभं राहिलं की दुपारी गोळ्या मिळत. शामराव मात्र ताटावरून उठून इंजेक्शन देत. सुई टोचली की लोकांना अर्धं बरं वाटायचं. वर्षभरात आजूबाजूच्या चाळीही त्यांना डॉक्टर म्हणायला लागल्या.

त्याच चाळीत तळमजल्यावर सुमेधा राहायची. ती पालिकेची आरोग्यसेविका; लहान मुलांचे डोस, तापाच्या नोंदी हे तिचं काम. दिवाळीनंतर तिला पहिल्यांदा लहूचे डोळे पिवळे दिसले. मग पुतळाबाईचे. मग तिसऱ्या मजल्यावरच्या रखमाचे. बघता बघता आकडा आठवर गेला. कावीळ बहुधा पाण्यातून येते, म्हणून तिने नळाचं पाणी तपासायला पाठवलं, ते स्वच्छ निघालं. तेच पाणी पिणारी पोरं ठणठणीत होती. आजारी पडलेली आठही माणसं गेल्या चार महिन्यांत शामरावांकडे सुई घेऊन आली होती. तिने पुन्हा पुन्हा विचारून पाहिलं, निदान एक तरी माणूस नाही म्हणेल म्हणून. कुणी म्हटलं नाही.

ती दुपारी त्यांच्याकडे गेली. पाच जण बसले होते. शामरावांनी एकाच्या दंडातून सुई काढली, स्पिरिटच्या बोळ्याने पुसली आणि दुसऱ्याच्या दंडात घातली. लोक गेल्यावर तिने आठही जणांची कावीळ ह्याच सुईतून पसरल्याचं सांगितलं. त्यांनी रॉकेल मिळत नाही, सुया सकाळी एकदाच उकळतो, एवढं कबूल केलं. मग म्हणाले, "शेजारच्या तुळशीदासाला तुमच्या हॉस्पिटलानं तीनदा परत पाठवला, सुमे. चौथ्यांदा तो माझ्याकडे आला. मी काय दार लावून घेऊ?"

हे खरं होतं.

शामरावांनी दोन दिवस दार लावून घेतलं. तिसऱ्या दिवशी सुंदराबाई आपल्या सुनेला, शांताला, घेऊन दारात बसली. शांताला सातवा महिना होता आणि ती ताकदीची इंजेक्शनं पहिल्यापासून त्यांच्याकडेच घेत होती. शामरावांनी दार उघडलं.

सुमेधाने वरती लेखी कळवलं. पालिकेच्या वॉर्ड ऑफिसातून माणसं आली, सिरिंजा, सुया घेऊन गेली. त्या दिवसापासून चाळीत तिच्याशी बोलणं बंद झालं. डोस द्यायला गेली की बाया पोरांना मोरीत नेऊन कडी लावत. आपल्याच चाळीतल्या देवमाणसाला, शामरावांना खाल्लंस, असं रखमा तिला तोंडावर म्हणाली.

पंधरा दिवसांनी शांताचे डोळे पिवळे झाले. अंगाला खाज, अन्न ठरेना, मग ती असंबद्ध बोलायला लागली. सुंदराबाई दारात आडवी उभी राहिली. सरकारी हॉस्पिटलात गेलेलं माणूस चादरीतून परत येतं, असं तिचं म्हणणं. सुमेधाने हात जोडले तरी ती हलेना. शेवटी शामरावच खाली आले. "सुंदराबाय, हिला न्या," ते म्हणाले. "हे माझ्या सुईनं झालंय."

सुंदराबाई बाजूला झाली. टॅक्सीत शांताला सुमेधाने आणि शामरावांनी धरलं होतं. हॉस्पिटलात तिला लगेच आत घेतलं, दोन डॉक्टर तिच्यापासून हलले नाहीत. पण उशीर झाला होता. तिसऱ्या दिवशी दुपारी ती गेली. मूलही वाचलं नाही. सुंदराबाई रडली नाही. तिने फक्त शामरावांकडे पाहिलं आणि तोंड फिरवलं.

मग सुमेधा आणि शामराव दोघंच बाकावर उरले. खिडकीतून ऊन येत होतं. सुमेधाने त्यांच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं.

"काका, तुमचे डोळे."

"माहीत आहे," ते म्हणाले. "मीही त्याच सुईनं घेत होतो, थकवा जाईना म्हणून." मग त्यांनी तिला वही काढायला सांगितली. तळमजल्यावरच्या पहिल्या खोलीपासून, ज्यांना ज्यांना सुई दिली होती त्यांची नावं ते सांगू लागले. चाळ संपली तरी थांबले नाहीत. पलीकडची चाळ झाली, मग परळच्या पुलाखालची वस्ती सुरू झाली. वहीचं पान भरलं. सुमेधाने ते उलटलं.