पाव इंच

ईश्वरप्पांचा फोन आला. बावीस वर्षांत जे कौतुक त्यांनी कधी केलं नव्हतं, ते एका दमात करून मोकळे झाले.

"मास्टर, तुमच्या हाताला तोड न्हाय बघा. तुमी गेलाव आन् आमचा एक बी शर्ट कुणाला बसंना झालाय. जूनसाठी दिलेला माल शाळावाले गठ्ठेच्या गठ्ठे माघारी आणून टाकत्यात. राजेश्वरीला कामावरनं काढली कालच. या की माघारी."

शर्ट का बसत नाहीत, ते अख्ख्या सोलापुरात मला एकट्याला माहीत होतं.

मी महबूब, कटिंग मास्टर. नवी पेठेच्या मागच्या बोळात ईश्वरप्पांचा शाळेच्या गणवेशांचा कारखाना आहे. तिथले पुठ्ठ्याचे सगळे फर्मे मी बनवलेले. फर्मा कापडावर ठेवायचा, खडूने त्याची कड ओढायची आणि कात्री चालवायची, एवढंच काम. पण आमच्याकडे एक रिवाज आहे. मास्टरने केलेल्या फर्म्याला कुणी मोजायची टेप लावायची नाही. लावली म्हणजे मास्टरला तोंडावर खोटं म्हटल्यासारखं. लोक सोयरिकीत मुलाचं वय तपासतील, पण आमच्याकडे फर्मा तपासणार नाहीत.

गेल्या गणपतीच्या आधी अप्पा गिऱ्हाइकांसमोर हसत म्हणाले, "आमची राजेश्वरी आता मास्टरपेक्षा झटपट कापती की." राजेश्वरी पूर्व भागातली, विणकरांच्या घरातली बाई. तिला खडू धरायला मी शिकवलेलं. ती बिचारी मान खाली घालून बसली, पण माझी तळपायाची आग मस्तकात गेली. उद्यापासून येत नाही, असं जागच्या जागी सांगून टाकलं. संध्याकाळी सगळे चहाला गेले, तेव्हा शर्टाच्या एकूणएक फर्म्याची बगलेकडची कड मी पाव इंच उतरवली. पुढचा भाग, मागचा भाग, दोन्ही बाजू धरून छातीत एक इंच कमी. मास्टर म्हणजे काय असतो ते कळू दे म्हटलं यांना. कापलेल्या पट्ट्या खिशात घालून घरी आलो आणि झकास झोपलो. हे सांगायची आज लाज वाटते.

नंतर एमआयडीसीतल्या एका मोठ्या कारखान्यात लागलो. तिथे फर्मे कॉम्प्युटर काढतो आणि कापतं यंत्र. मला म्हणायचे मास्टर, पण काम दिलं गठ्ठ्यांवर नंबरच्या चिठ्ठ्या चिकटवायचं. नऊ महिने कात्रीला हात नाही. परवा तिथल्या सुपरवायझर अंकिता मॅडम, माझ्या मुलीच्या वयाच्या, गोड आवाजात म्हणाल्या, "काका, एक तारखेपासून तुम्ही पॅकिंगला हं." आग लागो त्या गोडपणाला. मी संडासात जाऊन नळ सोडला आणि रडलो. बावन्न वर्षांचा माणूस.

आणि त्यात हा फोन.

"बुलारे ना उनो? फिर जाव की," अमिना म्हणाली. बायकोला त्या पट्ट्यांचं काय माहीत!

दोन दिवस डोकं पिंजून काढलं. इथे राहिलो तर खोकी बांधता बांधता मरणार. तिथे जाऊन खरं सांगितलं तर अप्पा दारात उभं करणार नाहीत. मग गुपचूप जायचं, नवे फर्मे करायचे, शर्ट बसायला लागले की सगळे म्हणतील, मास्टरचा हात तो मास्टरचा हात. राजेश्वरीचं काय? मिळेल तिला कुठेतरी, असं मी स्वतःला सांगितलं. दुसऱ्याच्या पोटाचा निकाल किती चटकन लागतो!

तिसऱ्या दिवशी सकाळी राजीनामा देऊन आलो. "जागा आजच भरते हं काका," अंकिता मॅडम म्हणाल्या. मी मागे वळूनही पाहिलं नाही.

तिथून थेट नवी पेठेत गेलो. अप्पांनी स्वतः पाणी आणून दिलं. कपाटातून माझी जुनी कात्री काढली, तेल लावून ठेवलेली. "कुणाला हात लावू दिला न्हाय हिला," म्हणाले. कात्री हातात आली आणि खरं सांगतो, नऊ महिन्यांत पहिल्यांदा मी माणसात आलो.

तेवढ्यात राजेश्वरी आली. चष्म्याची डबी राहिली होती तिची. मला बघून तिने नमस्कार केला आणि माघारी आलेल्या ढिगातला एक शर्ट उचलून माझ्यापुढे पसरला.

"मास्टर, मी भांडायला न्हाय आले. अप्पांनी काढलं ते बरोबरच हाय. फक्त माझं कुटं चुकलं, तेवढं दाखवा. तुमच्याच फर्म्यावर कापलं. खडूची रेघसुदा सोडली न्हाय." तिने शर्टाची शिवण माझ्यासमोर धरली. "माझा हात गेला का वो मास्टर?"

'कात्री तिरकी धरतेस' एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. वाक्य जिभेवर आलंही होतं. पण चिठ्ठ्या चिकटवताना रोज हाच प्रश्न मी माझ्या बोटांना विचारत होतो. ते दुखणं मी या बाईला कसं देऊ?

मी खुंटीवरचा फर्मा काढला आणि त्याला टेप लावली.

"मास्टर! फर्म्याला टेप?" अप्पा दचकले.

"बघा अप्पा. पाव इंच कमी हाय. सगळेच कमी हायत. जाताना मी उतरवलेत. हिचं काय बी चुकलं न्हाय."

अप्पा ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त माझ्या हातातली कात्री काढून घेतली, राजेश्वरीसमोर ठेवली आणि मला म्हणाले, "जावा."

पायरीवरूनच अंकिता मॅडमना फोन लावला. पॅकिंग तर पॅकिंग. "काका, सकाळीच भरली जागा," त्या गोड आवाजात म्हणाल्या.

वर ऊन मी म्हणत होतं आणि घरी अमिना वाट बघत होती. तिला काय सांगायचं ते सुचेना, म्हणून तिथेच उभा राहिलो आणि मागे वळून पाहिलं. राजेश्वरी खुंटीवरचे फर्मे एकेक काढून मोजत होती. शर्टाचे झाले, मग तिने पँटचे घेतले. पँटच्या फर्म्यांना मी बोटही लावलं नव्हतं, माझ्या बावीस वर्षांत त्यांना कधी कुणी टेप लावली नव्हती. ती त्यांनाही लावत होती आणि नको म्हणायला माझं तोंड उघडेना.