अकरा मिनिटांचा रोल

हे कोणाला पटणार नाही, आणि पटवत बसायची मला हौसही नाही. पण तीन माणसांना मी मिट्ट अंधारात, एका हाताने, साडेआठ मिनिटं झोडपलं आहे. दुसऱ्या हातात काम होतं.

परवा वहिनी आल्या होत्या, नव्या जावयाला घेऊन. वहिनी म्हणजे खडखड्याची बायको. खडखड्या माझा दोस्त, जाऊन दोन वर्षं झाली. पत्रे, करवती, सायकलची चाकं, साखळ्या यांतून तो संगीत काढायचा. त्याचे शेजारी त्याला संगीत सोडून वाटेल ते म्हणायचे.

जावयाने चहा ढवळता ढवळता विचारलं, "काका, बाबांची बोटं कशी गेली? आई सांगत नाहीत."

"यांना विचारा," वहिनी म्हणाल्या. "हे होते तिथे."

मी मांडी सावरून बसलो. त्या गोष्टीतलं वहिनींना मी तेव्हा एवढंच सांगितलं होतं, की रोल खराब निघाला. आता पाहुणा समोर होता आणि माझी जीभ वळवळत होती.

त्या काळी पोटासाठी मी कॅमेऱ्यात लग्नं टिपायचो आणि जिवासाठी बाकी सगळं करायचो. सकाळी चित्रांच्या दालनात एका नखशिखांत लाल चित्रापुढे तासभर उभा राहायचो. तिथला पहारेकरी मला चोर समजायचा. संध्याकाळी फिल्म क्लब. एक माणूस पन्नास मिनिटं शिडी चढतो, असा सिनेमा आम्ही तिथे पाहिला. तो वर पोचला तेव्हा खाली आम्ही चौघे उरलो होतो: मी, खडखड्या, यंत्र चालवणारा आणि एक झोपलेला.

मग आम्हीच एक मुका सिनेमा केला आणि हॉल भाड्याने घेतला. पडद्याखाली बसून खडखड्या त्याला आवाज देणार होता. हॉलच्या मालकाला आम्ही 'संगीताची संध्याकाळ' एवढंच सांगितलेलं. चौथ्या मिनिटाला खडखड्याने पत्र्यावर करवत ओढली. छताचा गिलावा पडला आणि मालकाच्या दाढेतलं चांदीचं सिमेंट उडून पुढच्या रांगेत गेलं.

"काहीतरीच," जावई म्हणाला.

"पुढच्या रांगेतल्या बाईंनी आणून दिलं ना परत."

मालक दोन माणसं घेऊन मंचावर चढला. पहिल्याच ठोशात खडखड्याचं नाक फुटलं. एकाने त्याची मान दाबली, दुसऱ्याने उजवा पंजा पत्र्यावर पसरून धरला, आणि मालकाने खडखड्याचाच हातोडा उचलला. एकामागून एक चार बोटं. प्रत्येक घावाला पत्रा झणझणत होता आणि प्रेक्षक टाळ्या वाजवत होते. त्यांना वाटलं, हा कार्यक्रमाचाच भाग. मी आठ फोटो काढले. शेवटच्या फोटोत हातोडा, हात आणि मालकाचं तोंड, तिन्ही एका चौकटीत.

दुसऱ्या दिवशी चौकीतला साहेब म्हणाला, "मालक काल परगावी होता म्हणून बारा जण सही करायला तयार आहेत. तुमचा फोटो पाचच्या आत टेबलावर आला तर त्याला आत टाकतो. नाहीतर तो सुटला म्हणून समजा."

जावयाचा चमचा थांबला.

"म्हणजे सगळं त्या एका फोटोवर?"

"त्या एका फोटोवर."

दुपारी अडीचला मी डार्करूममध्ये शिरलो. दिवा बंद केला, फिल्म चाचपडत डब्यात भरली, औषध ओतलं. फिल्म धुवायला अकरा मिनिटं लागतात, आणि दर अर्ध्या मिनिटाला डबा उलटासुलटा करावा लागतो. अंधारात घड्याळ कुठे दिसणार? म्हणून खडखड्याने मला एक टेप करून दिली होती. करवतीचं रडणं चालू, आणि दर अर्ध्या मिनिटाला बादलीत एक साखळी पडे. साखळी पडली की डबा उलटा. घड्याळवाल्यालाही जमला नसता असा हिशेब.

तिसऱ्या साखळीला ते तिघे आले. आरडाओरडा बाहेर जाऊ नये म्हणून त्यांनीच मागे दार लावून घेतलं, त्यामुळे उजेड आत आला नाही. पहिल्याने माझा गळा धरला. साखळी पडली. मी डबा उलटा करायचा तो त्याच्या कानशिलावरच केला. तो खाली बसला आणि माझं कामही चुकलं नाही. दुसऱ्याने मांडीत सुरा घातला. मी ॲसिडचा ट्रे त्याच्या डोळ्यांत रिकामा केला. तो असा काही किंचाळला, की खडखड्या असता तर त्याने त्याला पुन्हा किंचाळायला लावून टेप करून घेतलं असतं. तिसरा खुद्द मालक. अंधारात हातोडा फिरवत आला आणि घाव माझ्या जबड्यावर बसला. तीन दात गेले. त्यातला एक मी गिळला.

"पण पुढचे सगळे तुमचेच दिसतात," जावई म्हणाला.

"आता माझेच. पैसे मोजलेत."

तोंडात रक्त, मांडीतून रक्त, पायाखाली रक्त; फरशी नुसती निसरडी झाली होती. मी मालकाची मुंडी धरली आणि कागद कापायच्या कातरीखाली घालून मूठ खाली ओढली.

"कान तुटला?"

"अर्धा. बाकीचा त्याने घरी नेला."

जावई हसला नाही. मी आवाज खाली आणला.

"विसावी साखळी पडली. एकच मिनिट राहिलं होतं. तेवढ्यात मालकाने कान दाबत दारावर लाथ घातली. दार बिजागरीसकट गेलं आणि तीन वाजताचं ऊन धाडकन आत आलं. संपलं. फिल्म काढली तर कोळशासारखी काळी. मालक सुटला आणि खडखड्याने पुन्हा करवत धरली नाही."

जावई मान खाली घालून म्हणाला, "एका मिनिटाने."

"एका मिनिटाने," मी म्हणालो.

वहिनींनी कप खाली ठेवला. खडखड्याची बोटं गेल्यावर घर चालवायला त्या माझ्याकडेच कामाला लागल्या होत्या. बारा वर्षं माझे रोल त्यांनी धुतले.

"भावोजी, डबा झाकणाचा होता ना?"

"म्हणजे काय. घट्ट आवळलेला. नाहीतर त्याच्या डोक्यात घातल्यावर सांडला नसता?"

"मी हजारभर रोल धुतले त्याच डब्यात," वहिनी जावयाकडे वळून म्हणाल्या. "अंधार लागतो तो फक्त फिल्म आत भरेपर्यंत. झाकण लागलं की मी दिवा लावायची आणि विणायला बसायची. तो डबा भर उन्हात ठेवला तरी आत काडीचा उजेड जात नाही. दार मोडून काय होणार? तिथे मारामारीच झाली नाही, जावईबापू. ते आले, आणि यांनी आपल्या हाताने झाकण काढून दिलं."