लेमने डोलनला बांधलं

लेम म्हणजे वासराला डाग द्यायच्या आधी त्याच्या कानात माफी मागणारा पोरगा. त्याने बार्नी डोलनशी लढायला नाव दिल्याचं कळल्यापासून गुरांच्या रँचचा आचारी हायरम टटल याला चैन पडत नव्हतं. का बरं दिलं असेल?

डोलन गावोगाव गाडी घेऊन हिंडणारा मुष्टियोद्धा. त्याचा जोडीदार मागच्या गावात एका बेकरीवाल्या विधवेशी लग्न करून मोकळा झाला होता. म्हणून डोलनने कॉटनवूड गावच्या चौकात गाडीवर चढून ललकारलं होतं, "माझ्यासमोर सहा फेऱ्या टिकेल त्याला जोडीदार म्हणून सॅन फ्रान्सिस्कोपर्यंत सोबत नेईन. जेवणखाण माझं!"

"पोरीची भानगड आहे का रे?" हायरमने खोदून खोदून विचारलं. "कुणी डिवचलं का तुला?"

लेम नुसती नकारार्थी मान हलवायचा. शेवटी रविवारी, लढतीला जाताना वाटेत तोच म्हणाला, "काका, समुद्राचा पलीकडचा काठ खरंच दिसत नाही?"

"मी कुठे बघितलाय, लेका."

"तेच ना! रँचवर कुणीच बघितलेला नाही. मला बघायचाय."

पोरगा जिंकला तर निघून जाणार, हे हायरमला कळलं. हे पोर अनवाणी रँचवर आलं तेव्हापासून त्यानेच त्याला खाऊ घातलं, घोड्यावर बसवलं, दोर फेकायला शिकवलं. हायरमने मनातल्या मनात डोलनच्या बाजूने कौल दिला आणि त्याची त्याला लगेच लाजही वाटली.

मातीत रेघ ओढली होती. एकजण पडला की फेरी संपली. मग त्याने उठून पुन्हा रेघेपाशी यायचं. पडलेल्याला हात लावला, तर लावणारा हरला. पंच होता गावचा न्हावी.

लेम पाच वेळा पडला आणि पाचही वेळा उठून रेघेपाशी आला. त्याचा एक डोळा मिटला होता.

"अरे, त्याला जरा वारा तरी घाला!" गर्दीतून कुणीतरी ओरडलं. "दमला बिचारा!"

सहाव्या फेरीत डोलनने ठोसा मारायला हात उगारला, त्याचा पाय रेघेवरच घसरला आणि तो धप्पकन पाठीवर आपटला. त्याचा श्वासच कोंडला.

जिंकायला लेमने फक्त उभं राहायचं होतं. पण समोर काहीतरी दाणकन पडलं, की रँचवरच्या पोराचे हात विचार करत नाहीत. लेमने झेप घेतली, छातीवर गुडघा रोवला, कमरेची दोरी सर्रकन ओढली, वासराचे बांधतात तसे डोलनचे दोन हात आणि एक पाय आवळून बांधले आणि दोन्ही हात वर करून उभा राहिला. आता कुणीतरी डाग द्यायची सळई आणावी, तसा.

मग माणसं हसून हसून कुंपणावर लोंबकळू लागली.

"पडलेल्याला हात लावला," न्हावी डोळे पुसत म्हणाला. "लेम हरला!"

लेमचा चेहरा पडला. आणि हायरमला आनंद झाला. अगदी उघड आनंद. पोरगा राहणार होता.

डोलन मात्र मातीत लोळत धडपडत होता. गाठ काही सुटेना. त्याने हसणाऱ्या लोकांकडे एकदा निरखून पाहिलं.

"इतकी वर्षं मार खातोय आणि देतोय," तो म्हणाला, "पण माणसं अशी कधी हसली नाहीत. गावोगाव मला असं बांधशील का रे? की चुकून जमलं?"

"मला यांनी शिकवलंय," लेमने हायरमकडे बोट दाखवलं.

"काय हो आजोबा, नेहमी जमतं याला?"

सगळे हायरमकडे बघू लागले. 'चुकून जमलं' एवढं म्हटलं की काम झालं असतं. लेम एका डोळ्याने त्याच्याकडे बघत होता.

"चुकून?" हायरम ओरडला. "माजलेला वळू बांधतो हा. आमच्या रँचवर असे हात दुसऱ्या कुणाचे नाहीत. घेऊन जा."

लेम धावत येऊन त्याला बिलगला. "काका, तुम्ही पण चला ना!"

"मी? आणि मग रँचवर राजमा कोण शिजवणार?" हायरम म्हणाला. उभ्या आयुष्यात त्याला राजम्याचा एवढा राग कधी आला नव्हता.