अर्जुनरावाची येळवस

"एक दिवस, फकस्त एक दिवस दोघं मिळून एक कोप घाला, इतकंच म्हनते मी."

"घालू की," आदिनाथ म्हणाला. "माज्या रानात."

"त्याच्या रानात मी पाय ठिवत न्हाई, माय," रामलिंग म्हणाला.

"मग पाव्हन्याला बांधावर बसवू का? राखनीच्या बुजगावन्यावानी?"

ही माझी दोन लेकरं, थोरला आदिनाथ, धाकटा रामलिंग. एकाच्या मिशा पिकल्या, दुसऱ्याला जावई आला, पण अक्कल अजून दुकानातून आणायची राहिली आहे. त्यांचे वडील हणमंतराव गेले आणि रानाची वाटणी झाली. बोअर रामलिंगच्या वाट्याला आला. एका उन्हाळ्यात त्यानं थोरल्याच्या उसाला पाणी दिलं नाही, ऊस वाळला, आणि भावाभावांचं बोलणंही वाळलं. तेव्हापासून येळवशीला आमच्या रानात दोन कोपी असतात. मी एक वर्ष हिकडं जेवते, एक वर्ष तिकडं.

बाहेरच्या माणसाला येळवस कळायची नाही. हिवाळ्यातली वेळा अमावस्या ती. आमच्या लातूर जिल्ह्यात त्या दिवशी गावात कुत्रंसुद्धा थांबत नाही, सगळे रानात. कडब्याच्या पेंढ्यांची कोप उभी करायची, आत चुना लावलेले पाच दगड मांडायचे, ते पाच पांडव. शेंगाभाज्यांची भज्जी, बाजरीचे उंडे, खीर आणि बिंदगीभर, म्हणजे लहान घागरभर, ताकातली आंबील. रस्त्यानं कोणीही जावो, त्याला हाक मारून बसवायचं. जात विचारायची नाही, गाव विचारायचं नाही.

अर्जुनराव आम्हाला असाच रस्त्यावर सापडला.

भूकंपानंतरची पहिली येळवस होती. किल्लारीकडं गावंच्या गावं गेली होती. आम्ही मुरुडचे वाचलो, तरी भिंतींना भेगा होत्या, रात्री आत निजायला जीव धजत नव्हता. सण करावा का नाही, असं चाललं होतं. हणमंतराव म्हणाले, "जिमीन हालली म्हनून तिला उपाशी ठिवावं का?" म्हणून गेलो. तर बार्शीच्या रस्त्यावर एक जीप पंक्चर होऊन उभी, आणि शेजारी लाल तोंडाचा, ताडासारखा गोरा उभा. मी हाक मारली. इंग्रजी कुठून आणू? मी आपली, "ये की रं, जेवाय ये."

तो आला. नाव आर्ने, देश नॉर्वे. दिल्लीतल्या त्यांच्या कचेरीत नवा चिकटला होता, भूकंपाची मदत कुठं पोचते ते बघायला निघाला होता. हिंदी शिकून आला होता, पण पुस्तकातली. आमच्या तोंडात आर्नेचा अर्जुन झाला. चार तांबे आंबील प्याला आणि कोपीच्या सावलीत असा घोरला की जीपचा ड्रायव्हर हाका मारून थकला. लातूरला मोठे साहेब वाट बघत बसले होते. त्याला वरून लई बोलणी बसली म्हणे.

पण निजायच्या आधी त्यानं फेरी केली होती. जेवणं झाली की आंबिलीची बिंदगी घेऊन सगळ्या रानाला फेरी घालायची असते. पुढचा शिंपडत जातो, मागचा "ओलगे ओलगे, सालन पोलगे" म्हणतो, हे रानाकडं पिकासाठीचं मागणं. हणमंतराव पुढं, हा मागं. त्याचं ओलगे ऐकून बाया पदरात तोंड घालून हसल्या. भूकंपानंतर मी पहिल्यांदा हसले ते तेव्हा.

त्यानंतर दर येळवशीला त्याचा फोन. आधी शेजारच्या घरी यायचा, मग माझ्या मोबाईलवर. दरवेळी दुसऱ्याच मुलखातून. कधी वाळवंट, कधी बर्फ. एकदा मागं ठो ठो ऐकू आलं. मी म्हटलं, "लगीन हाय का कुनाचं?" तो म्हणाला, "नहीं अक्का, लड़ाई है."

तो काय काम करतो ते मला उज्वलानं सांगितलं. ही माझी लेक, नांदेडला दिलेली. "आई, दोन देश भांडले की त्यांला समजावायला त्याला धाडतेत. आता तर राजदूत झालाय."

म्हणजे सोयरीक जुळवणारा. दोन्ही घरच्या शिव्या खायच्या, चहा पिऊन उठायचं आणि उद्या पुन्हा जायचं. मला वाटलं, हे तर मीही करते आहे, फक्त गाडीला झेंडा नाही.

यंदा त्याचा फोन महिनाभर आधी आला. नोकरी संपली होती. म्हणाला, एकदा येळवस खाऊन जातो. मी तोंड भरून ये म्हटलं आणि फोन ठेवल्यावर ध्यानात आलं. ज्या रानाची फेरी त्यानं घातली, ते रान आता दोन तुकडे झालं आहे. माझ्या नवऱ्याच्या घराचं कौतुक त्यानं जगभर मिरवलं असणार. ते त्याला असं दाखवू?

येळवशीच्या दिवशी उज्वला त्याला नांदेडच्या विमानतळावरून आपल्या गाडीत घेऊन आली. सोबत ना पोलीस, ना झेंडा. उतरला तेव्हा मी ओळखलंच नाही. ताडाचा माड झाला होता, वाकलेला. केस म्हणजे कापूस.

"अक्का," म्हणून पायाला लागला.

"बायकू कुटं हाय? आनायची की."

"दो साल पहले गई."

मी त्याच्या हातावर हात ठेवला. त्यानं रानाकडं पाहिलं. बांधाच्या अलीकडं एक कोप, पलीकडं एक. इकडं थोरली सून, तिकडं धाकटी. तो अलीकडं बसून भज्जी-उंडे जेवला, मग उठून पलीकडं गेला आणि खीर खाल्ली.

जेवण झालं तशी त्यानं आदिनाथच्या कोपीतली बिंदगी उचलली. "फेरी," म्हणाला. "आज मैं आगे."

आदिनाथ खूश. मागं लागला, "ओलगे ओलगे" करत. म्हातारा शिंपडत चालला, ज्वारीच्या कडेनं, हळूहळू. बांध आला. आदिनाथ थांबला, वळायला सांगू लागला. हा कुठला वळतो? बांध ओलांडून सरळ रामलिंगच्या हरभऱ्यात. आंबील शिंपडतो आहे आणि मागं म्हणायला कोणी नाही.

आमच्यात सुरू झालेली फेरी अर्धी सोडत नाहीत. रान उपाशी राहतं.

मी रामलिंगकडं पाहिलं. तो कोपीच्या दारात कडब्याचं चिपाड मोडत उभा होता.

"काय बगतूस? रान तुजं हाय न्हवं?"

तो गेला. मान खाली घालून, पण गेला. "सालन पोलगे" पहिल्यांदा हळू म्हणाला, मग मोठ्यानं. रामलिंगच्या रानाचा फेरा झाला. शेवटी बांध पुन्हा आला तेव्हा आदिनाथ तिथंच उभा होता. रामलिंग थांबला, आदिनाथ मागं लागला. जुन्या रानाच्या फेरीची दोन्ही टोकं मिळाली.

म्हाताऱ्यानं उरलेल्या आंबिलीसकट बिंदगी बांधावर आणून ठेवली आणि धापा टाकत माझ्याजवळ येऊन टेकला.

"लबाडा," मी म्हटलं, "तुला ठावं होतं."

तो हसला. "अक्का, आमने-सामने बिठाओ तो लोग झगड़ते हैं. एक के पीछे एक चलाओ, तो थोड़ा चलते हैं."

"आन् मग? मिटतंय का?"

"ज़्यादातर नहीं. बांध तक आते हैं, लौट जाते हैं. मेरी पूरी नौकरी वही थी."

"आज न्हाई लौटले."

"आज आप थीं."

ऊन कलल्यावर उज्वला त्याला घेऊन गेली. पुन्हा येईन असं तो म्हणाला नाही. मीही ये म्हटलं नाही. या वयात माणसानं माणसाला खोटं बोलायला लावू नये. थोरल्या सुनेनं त्याला तिळाच्या पोळ्या बांधून दिल्या, धाकटीनं हिरव्या हरभऱ्याचा ढाळा. दोन्ही त्यानं एकाच पिशवीत घातलं.

आज तिसरा दिवस. दोन्ही कोपी मोडून कडबा गुरांपुढं गेला. लेकरं अजून एकमेकांशी बोलत नाहीत. बिंदगी थोरल्याच्या घरची, पण ती अजून बांधावरच आहे, कोणी आणायला गेलं नाही. सकाळी मी तिकडं फिरकले तर तिच्या तोंडावर कोणीतरी चपटा दगड ठेवलेला. कुत्र्यानं तोंड घालू नये म्हणून.

कोणी ठेवला ते मी विचारलं नाही.