नसलेली दाढ

समजा, तुमच्या हातात फोन आहे. फोनमधून बारीक आवाजात सनई वाजते आहे आणि पडद्यावर एकच ओळ दिसते आहे: 'आपला क्रमांक १४ आहे. कृपया प्रतीक्षा करा.' समोर तुमची आजी भिंतीला टेकून बसली आहे. एक कावळा अंगणात उतरतो, वाळत घातलेला बोंबील उचलतो आणि सावकाश निघून जातो. आजी त्याला हाकलत नाही. नुसती बघत राहते.

आता सांगा, त्या फोनचं तुम्ही काय कराल? घाईने उत्तर देऊ नका. नवापूरच्या किनाऱ्यावरच्या पूर्वी नावाच्या मुलीलाही ते लगेच सुचलं नव्हतं.

पूर्वी सातवीत होती. दिवाळीची सुट्टी चालू होती. बाबा बोटीवर गेले होते, त्यांना परतायला अजून दोन दिवस होते. आई, मंदा, बोईसरला औषधांच्या कारखान्यात गोळ्यांच्या पट्ट्या खोक्यांत भरायची. तिथे आत जाताना फोन गेटवर जमा करावा लागे, संध्याकाळी सुटल्यावरच तो परत मिळे. म्हणून घरातला जुना फोन दिवसभर पूर्वीकडे असे.

त्याच कारखान्याने या वर्षी विम्याचं कार्ड दिलं होतं. त्यावर घरातल्या चौघांची नावं होती, आजीचंसुद्धा: गोदूबाई. फोनवरून डॉक्टरांशी बोलायचं, चेहरा दाखवायचा, औषध लिहून घ्यायचं, आणि या सल्ल्याला पैसे पडत नाहीत. कार्ड वाटणाऱ्या माणसाने गेटवर उभं राहून सगळ्या बायकांना बजावलं होतं, "आधी फोन, मग दवाखाना!" मंदाने घरी येऊन तेच पूर्वीला सांगितलं होतं. वर स्वतःचं एक वाक्य जोडलं होतं, "फोन न करता गेलं ना, तर कार्ड चालत नाय." ते वाक्य त्या माणसाने कधीच म्हटलं नव्हतं. पण बोलता बोलता ते त्याच्याच तोंडचं होऊन बसलं.

त्या सकाळी आजी वलांडीवर बोंबील टाकत होती. वलांडी म्हणजे बांबूंना आडव्या दोऱ्या बांधून केलेली मांडणी, तिच्यावर मासे जोडीजोडीने टांगतात. निम्मी दोरी भरली आणि आजी थांबली. डावा गाल तळहाताने दाबून म्हणाली, "दाढ ठणकते गो."

शेजारच्या राहीबाई पलीकडे आपले बोंबील उलटत होत्या. त्या हसल्या. "गिऱ्हाइकांना शिव्या देऊन देऊन झिजली असंल तुझी दाढ, गोदू!"

"तुझी जीभ नाय झिजली ती अजून," आजी म्हणाली. पण तिचा आवाज रोजच्यासारखा चढला नाही.

पूर्वीने फोन उघडला. पडद्यावर चित्रं आली: डोळा, पोट, दात, ताप, इतर. तिने दातावर बोट ठेवलं. उत्तर क्षणात आलं: 'दातांचे उपचार आपल्या योजनेत समाविष्ट नाहीत.'

"नाय बोलतात," पूर्वी म्हणाली.

"मग राहू दे. दाढेला कोण डॉक्टर करतं? लवंग आण." आणि आजी पायरीवर भिंतीला टेकून बसली. कामाच्या मधे, अर्धी दोरी रिकामी असताना, आजी बसली. पूर्वीने असं कधी पाहिलं नव्हतं.

राहीबाई रिकामी टोपली घेऊन किनाऱ्याकडे निघून गेल्या. वाऱ्यात थंडी होती, तरी आजीच्या कपाळावर घाम होता. पूर्वीला वाटलं, उन्हाने असेल. पण पायरीवर सावली होती.

तिने डब्यातून लवंग आणली. "तोंड उघड. कुठली दाढ?"

"डावीकडची. एकदम मागली."

पूर्वीने लवंग बोटात धरून आत घातली. बोट मागे गेलं, अजून मागे गेलं. तिथे टणक काही लागेचना. नुसती गुळगुळीत हिरडी.

मग तिला आठवलं. गेल्या वर्षी बोईसरला दातांच्या डॉक्टरांनी आजीच्या डाव्या बाजूच्या दोन्ही मागच्या दाढा काढल्या होत्या. बाहेर बाकड्यावर आजीची पिशवी धरून पूर्वीच बसली होती. तेव्हापासून आजी चिंबोरीची नांगी उजवीकडेच फोडायची.

लवंग ठेवायला जागाच नव्हती.

"आजी, इथं दाढ नाय."

"नसंल. पण दुखतंय तर तिथंच." आजी डोळे मिटून बोलत होती. "खांद्यापासनं वर चढतंय. हात पण जड झालाय. टोपल्या उचलून होतंय तसं."

पूर्वीने लवंग बाजूला ठेवली. जी दाढ नाही, ती दुखेल कशी? मग दुखतंय ते काय?

तिने पुन्हा फोन उघडला. या वेळी 'इतर' दाबलं. सनई सुरू झाली. 'आपला क्रमांक १४ आहे.'

फोन आजीजवळ पायरीवर ठेवून ती आत गेली आणि पत्र्याच्या पेटीतून, रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवलेलं विम्याचं पत्रक घेऊन आली. चार पानं, मराठीत, पण अक्षर मुंगीएवढं. आजवर घरात ते कोणी वाचलं नव्हतं. जे लागतं ते गेटवरच्या माणसाने सांगितलं आहे, असं सगळ्यांना वाटत होतं.

पहिल्या पानावर हसणारे डॉक्टर. दुसऱ्या पानावर: 'ठरवून करावयाच्या शस्त्रक्रियेसाठी आधी दूरध्वनीवरून मंजुरी घ्यावी.' ठरवून. पूर्वीने तो शब्द दोनदा वाचला. आजीने आज काहीच ठरवलं नव्हतं. तिने तर फक्त बोंबील टांगायचं ठरवलं होतं.

'आपला क्रमांक १३ आहे.'

तिसऱ्या पानावर, अगदी खाली, चौकट होती. पूर्वी बोट ठेवून वाचू लागली. 'छातीत, जबड्यात किंवा डाव्या हातात वेदना, घाम, श्वास लागणे, यांपैकी काहीही असल्यास फोनवरील सल्ल्याची वाट पाहू नये. त्वरित १०८ वर फोन करावा किंवा जवळच्या रुग्णालयात जावे. विमा कंपनीला २४ तासांच्या आत कळवावे.'

जबडा. हात. घाम. तिने आजीकडे पाहिलं. आजीचे ओठ वाळत टाकलेल्या मासळीच्या रंगाचे दिसत होते.

"आजी, मी दुसरीकडे फोन लावते. हा बंद करते."

आजीने डोळे उघडले आणि उजव्या हाताने पूर्वीचं मनगट पकडलं. त्या हातात अजून जोर होता. "नंबर सोडू नको, बाय."

पूर्वीला ठाऊक होतं आजी असं का म्हणते. लहान असताना गोदूबाई एकदा बर्फाच्या कारखान्यावरची रांग सोडून पाणी प्यायला गेली होती. परत आली तेव्हा बर्फ संपला होता, आणि टोपलीभर पापलेटं संध्याकाळपर्यंत नासली. तेव्हापासून तिचं एकच सांगणं: नंबर सोडला की गेला. शाळेतल्या नळावर, रेशनच्या दुकानात, पूर्वी कधी रांग सोडत नसे. आजीनेच शिकवलं होतं.

"तेराच तर हायत पुढं," आजी पडद्याकडे बघून पुटपुटली. "येतील... सरकतील..." वाक्य तिने पुरं केलं नाही. श्वास मधेच अडखळत होता, किनाऱ्याला लागताना बंद पडू बघणाऱ्या बोटीच्या इंजिनासारखा.

सनई वाजत होती. क्रमांक तेराच होता. अंगणात आता तीन कावळे उतरले होते. खालच्या दोरीवरून ते निवांत बोंबील ओढत होते, कारण ओरडणारं कोणी नव्हतं.

पूर्वीने आजीची बोटं एकेक करून मनगटावरून सोडवली. शेवटचं बोट सोडवायला जोर लागला नाही, आणि त्याचीच तिला सगळ्यात जास्त भीती वाटली.

तिने लाल खुणेवर अंगठा दाबला. सनई थांबली. नंबर गेला.

मग तिने एक, शून्य, आठ दाबलं, आणि पलीकडून आवाज येताच, रडू येऊ न देता, शाळेत मोठ्याने धडा वाचतात तसं एकेक शब्द सुटा करून म्हणाली, "नवापूर. मासे वाळवायच्या मैदानाजवळ. माझ्या आजीला जबड्यात दुखतंय, आणि तिथं दाढ नाय."